पाटीवर असेल तेच नकाशात

मी बचत गटांची सहयोगिनी. मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले होते, आज रस्त्यावर बोलणार आहे.

शेलूबाजारला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे हे तुम्हाला सांगायला नको. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. वर मोटारीला ताशी १२० ची परवानगी, दुचाकी आणि ऑटोला बंदी. पण तीच मोटार खाली उतरली की आपल्या रस्त्याला लागते. तिथं सोयाबीनची ट्रॉली आहे, बैलबंडी आहे, शाळेत जाणारी लेकरं आहेत. तासभर १२० नं गाडी चालवलेल्या माणसाला ६० चा वेग म्हणजे गाडी रांगते आहे असं वाटतं. त्याच्या डोळ्याला वेगाची सवय झालेली असते, म्हणून त्याला आकडा समोर दिसावा लागतो.

ताशी ६० म्हणजे एका सेकंदाला जवळपास ५५ फूट. लेकरू आडवं आलं हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ५५ फूट पुढे आलेली असते. वेग ३० असेल तर हेच अंतर २७ फूट, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारी जागा चौथ्या हिश्श्यावर येते.

आता नकाशाचं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. विकिपीडिया जशी लोक लिहितात, तसा हा नकाशा लोकच भरतात. कोणालाही तो फुकट वापरता येतो, फक्त नाव द्यावं लागतं. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही ॲप याच नकाशावर चालतात. नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटवर्क नसतानाही चालतात, आणि रस्त्याची वेगमर्यादा भरलेली असेल तर ती स्क्रीनवर दाखवतात. भरलेली नसेल तर काहीच दाखवत नाहीत. खेड्यातले कितीतरी रस्ते असेच रिकामे आहेत.

खरं सांगते, आपण आकडा भरला म्हणून उद्या ट्रक हळू होणार नाही. बहुतेक ड्रायव्हर दुसराच नकाशा वापरतात. तरी आमच्या गटानं हे काम घेतलं, आणि पहिल्याच दिवशी अडलो.

सहाजणी वही घेऊन निघालो. गावाच्या वेशीजवळ एक पाटी सापडली : पांढरा गोल, लाल कड, मधे काळा आकडा. वेगमर्यादेची पाटी अशीच असते. आकडा, कोणत्या दिशेनं येणाऱ्याला दिसते, जवळची खूण, तारीख, सगळं वहीत घेतलं. पण शाळेसमोर पोचलो तर पाटीच नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शोधली, झुडपं बाजूला सारून पाहिली. एक काकू म्हणाल्या, "काहून वो ताई, बोर्ड नाही तं नाही, आपण तीस टाकून देऊ ना. लेकरं आपलेच हायेत."

दोघी-तिघींनी मान डोलावली. माझंही मन झालं, कारण माझा मुलगा त्याच शाळेत जातो.

तरी आम्ही तो आकडा टाकला नाही. नकाशात वेगमर्यादा म्हणजे कायद्यानं लावलेली मर्यादा, आपल्याला हवी ती नव्हे. आज आपण चांगल्या मनानं ३० टाकू, उद्या कोणी ट्रकवाला आपल्या सोयीनं ८० टाकेल, मग खरा कोणता हे कसं ओळखायचं? आणखी एक अडचण आहे. नकाशात ३० दिसलं, की पाटी मागायला गेल्यावर समोरचा म्हणेल, मर्यादा तर आहेच की. आपणच आपली मागणी पुसून बसू.

पाटी नाही म्हणजे वेग मोकाट असाही अर्थ नाही. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी नसलेल्या साध्या रस्त्यावर मोटारीला जास्तीत जास्त ७०, ट्रक, बस आणि मोटारसायकलला ६०. ही वरची हद्द झाली. राज्य सरकारला ठरावीक जागी ती कमी करता येते. शाळेसमोर ६० पुरेसं नाही हे पटवून द्यायचं काम मात्र आपलं.

भरायचं कसं ते थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरवर ओपनस्ट्रीटमॅपची साइट उघडून खातं काढायचं, संपादनात जाऊन रस्त्याच्या रेघेवर क्लिक करायचं, डावीकडे वेगमर्यादेचा रकाना येतो. पण घाई करू नका. नकाशात रस्त्याची एकच रेघ कित्येक किलोमीटर असते. पाटी वेशीवर असेल तर रेघ तिथं कात्रीच्या चिन्हानं तोडायची आणि मर्यादा संपते तिथं पुन्हा तोडायची, नाहीतर गावातले ४० पार पुढच्या शिवारापर्यंत जातात. आमच्याकडून हे एकदा झालं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं. शेवटी जतन करताना काय बदललं आणि प्रत्यक्ष पाटी पाहून बदललं का, हे लिहायचं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून आकडा उतरवायचा नाही, ती चोरी होते. पाटी नसेल तर "फलक नाही" अशीही नोंद करता येते. शाळेसमोर आम्ही तीच केली.

फोटो काढायचा तर कडेला उभं राहूनच. आणि समृद्धीवर पायी चढायचं नाही, तिथं आपल्याला बंदी आहे.

आमच्या वहीतल्या नोंदींचं पुढे काय झालं ते सांगते. ती पानं आम्ही महिला ग्रामसभेत वाचली. शाळेसमोर पाटी आणि गतिरोधक हवा असा ठराव झाला. तो रस्ता ज्या खात्याकडे आहे तिथं ठरावाची प्रत दिली. दुसरी प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवली. दोन्हीकडून आवक क्रमांक घेतला, तो वहीत चिकटवलाय. तुम्ही अर्ज दिलात तर क्रमांकाशिवाय परत येऊ नका, "नंतर या" म्हणाले तरी.

पाटी अजून लागलेली नाही. लागली की त्याच दिवशी रेघ तोडून आकडा भरायचा आहे. ते काम काकूंनी मागून घेतलंय, आणि कॉम्प्युटरचा माऊस धरायला त्या आताच शिकताहेत.