आधी वजन, मग इंजिन: घरी बांधलेल्या स्पोर्ट्‌स कारचे शास्त्र

स्वतःच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्‌स कार बांधण्याची ब्रिटनमधील परंपरा ज्या गाडीच्या आधाराने रुजली, ती म्हणजे लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली आणलेली ‘सेव्हन’ ही दोन आसनांची उघडी, अत्यंत साधी गाडी होय. तयार मोटारीवर त्या काळी लागणारा खरेदी कर सुट्या भागांच्या संचावर लागत नसल्याने अनेक ग्राहक ही गाडी सुटी घेऊन घरीच जोडत असत. १९७३ मध्ये तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, तरी हा छंद टिकून राहिला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधण्याविषयीचे पुस्तक निघाले आणि त्याला नवा बहर आला. कारण त्या पद्धतीत चौकोनी पोलादी नळ्या कापून सांगाडाही घरीच वेल्ड करायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स व मागचा ॲक्सल जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढून घ्यायचा, अशी सोय होती.

अशा गाडीचे सारे सामर्थ्य तिच्या कमी वजनात असते. बाराशे किलोंच्या गाडीत शंभर अश्वशक्तीचे इंजिन असेल, तर एका अश्वशक्तीला बारा किलो ओढावे लागतात. तेच इंजिन पाचशे किलोंच्या गाडीत बसवले, तर पाचच किलो वाट्याला येतात आणि जड गाडीला एवढी चपळाई हवी असल्यास २४० अश्वशक्ती लागेल. शिवाय इंजिनाची वाढीव शक्ती केवळ वेग घेताना उपयोगी पडते, तर कमी केलेले वजन वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळण घेताना अशा तिन्ही वेळी उपयोगी पडते. त्यातही चाके, ब्रेक आणि ॲक्सल यांसारख्या स्प्रिंगच्या खाली राहणाऱ्या भागांचे वजन कमी झाले, तर खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला अधिक चांगले धरून राहतात.

मात्र हलकेपणा म्हणजे धातू कमी वापरणे एवढेच नव्हे. नळ्यांचा सांगाडा त्रिकोणी रचनेमुळे ताठ होतो. चार नळ्यांची चौकट कोपऱ्यांत मुरडते, पण तिला एक तिरकी नळी जोडताच तिचे दोन त्रिकोण होतात आणि भार नळ्यांच्या लांबीच्या दिशेने वाहू लागतो. म्हणून योग्य जागी घातलेली एक बारीक नळी चुकीच्या जागी वापरलेल्या जाड पत्र्यापेक्षा अधिक काम करते. सांगाडा पिळवटत असेल, तर सस्पेंशन कितीही काळजीपूर्वक जुळवले तरी गाडी वळणावर विश्वासाने चालत नाही.

इंजिनाची निवड या चौकटीतच करावी लागते. बिडाच्या इंजिनापेक्षा ॲल्युमिनियमचे इंजिन हलके असल्याने पुढच्या चाकांवरचा भार घटतो. पण इंजिन सोबत कोणता गिअरबॉक्स मागते, ते बॉनेटखाली मावते का आणि त्याच्या तळाचे तेलपात्र, म्हणजे संप, रस्त्याला घासणार नाही ना, हेही पाहावे लागते. माझदा एमएक्स-५ या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असून शक्ती मागच्या चाकांना जाते, त्यामुळे तिचे भाग अशा बांधणीला सहज जुळतात. मोटरसायकलचे इंजिन त्याहून मोहक वाटते. १९९९ मध्ये आलेल्या सुझुकी हायाबुसाच्या १२९९ सीसी इंजिनात गिअरबॉक्स अंगभूतच असल्याने बरेच वजन वाचते. परंतु त्यात रिव्हर्स गिअर नसतो, क्लचला मूळ दुचाकीपेक्षा पुष्कळ अधिक वजन पेलावे लागते आणि तेलाचा प्रश्न सर्वांत गंभीर ठरतो. दुचाकी वळणावर कलते म्हणून तेल संपच्या तळाशीच राहते. मोटार जवळपास सपाट राहते म्हणून तेल बाहेरच्या बाजूला फेकले जाते, पंप हवा ओढू लागतो आणि बेअरिंग क्षणात निकामी होतात. संपमध्ये आडपडदे घालणे किंवा तेलाची स्वतंत्र टाकी असलेली ड्राय संप रचना करणे, हे त्यावरचे उपाय होत. हलक्या गाडीला मोठे इंजिन लागतच नाही, हे २०१३ च्या केटरहॅम सेव्हन १६० ने दाखवून दिले. सुझुकीचे ६६० सीसी तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन, ८० अश्वशक्ती आणि ४९० किलो वजन एवढ्यावर ती खरी स्पोर्ट्‌स कार ठरली.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र हेच कमी वजन गाडीच्या विरोधात जाते. पाचशे आणि पंधराशे किलोंच्या दोन गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेग टिकून राहण्याच्या नियमानुसार दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी २५ किलोमीटर वेगाने सरकतील. म्हणजे जड गाडीचा वेग २५ ने बदलेल, तर हलक्या गाडीचा ७५ ने, आणि तो धक्का तिच्या चालकाला सोसावा लागेल. एअरबॅग व चेपून धक्का शोषणारा पुढचा भाग अशा गाडीत बहुधा नसल्याने डोक्याहून उंच आणि मुख्य सांगाड्याला मागून आधार दिलेला रोल बार, दाराच्या बाजूच्या भक्कम नळ्या, धडकेत आत मुडपणारा स्टीअरिंगचा दांडा आणि खांद्याच्या पातळीवर अडकवलेले पट्टे यांना पर्याय नाही. पट्टे फार खाली अडकवले, तर धडकेच्या वेळी ते पाठीचा कणा खाली दाबतात. ब्रेकचे संतुलनही नव्याने जुळवावे लागते, कारण मागची चाके आधी अडकली तर गाडी गिरकी घेते.

ब्रिटनमध्ये २००९ पासून अशा प्रत्येक गाडीची वैयक्तिक मान्यता चाचणी होते आणि तीत ब्रेक, पट्ट्यांचे आधार, धारदार कडा व धूर तपासला जातो. भारतात रस्त्यावर येणाऱ्या नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची मान्यता लागते, त्यामुळे हे ज्ञान येथे मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्पर्धांसाठी बांधत असलेल्या शर्यतीच्या गाड्यांतून वाढत आहे. त्यांनी आणि प्रत्येक हौशी बांधणाऱ्याने क्रम मात्र एकच पाळायला हवा: आधी माणसाला वाचवणारा सांगाडा, मग गाडीला थांबवणारे ब्रेक आणि त्यानंतर त्या दोघांना झेपेल एवढेच इंजिन. वजन कोठूनही वाचवावे, पण माणसाच्या रक्षणासाठी घातलेल्या पोलादातून एक ग्रॅमही वाचवू नये.