घरचे चित्रगृह सर्वांचे व्हावे म्हणून

गेल्या वर्षी आमच्या दिल्लीच्या घरी दूरचित्रवाणी संचाच्या जोडीला एक रिसीव्हर आणि सहा स्पीकर आले. वस्तू मोलाची होती आणि ती घेतल्याचा मला थोडा अभिमानही होता. तथापि पंधरा दिवसांच्या आतच एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, संध्याकाळच्या बातम्या पाहणे सोडून दिले होते. त्या वेळी ते सज्जात खुर्ची टाकून बसत. कारण विचारले तर म्हणत, "तुमचे चालू द्या. मला वर्तमानपत्र पुरते."

एके दिवशी मी कचेरीतून लवकर परतलो, तेव्हा नाना काळ्या पडद्यासमोर बसलेले दिसले. पुढ्यात चार रिमोट ओळीने मांडलेले. मला पाहताच ते जरासे ओशाळून म्हणाले, "अरे, चित्र आले तर आवाज येत नाही, आणि आवाज आला तर माणूस बोलतो काय ते कळत नाही. म्हटले, राहू द्यावे."

ज्या माणसाने आयुष्यभर रेडिओचा कान पिळून बातम्या ऐकल्या, त्याला स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे बसावे लागावे, ही गोष्ट मनाला लागली. दोष त्यांच्या वयाचा नव्हता. जोडणी करून देणाऱ्याच्या घाईचा थोडा आणि माझ्या आळसाचा पुष्कळ, असा तो होता. पुढच्या रविवारी मी माहितीपुस्तिका घेऊन बसलो. त्या दिवशी जे उमगले ते इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे क्रमाने मांडीत आहे.

रिसीव्हर करतो तरी काय?

भुसावळसारख्या जंक्शनात निरनिराळ्या दिशांच्या गाड्या येतात आणि योग्य त्या रुळावरून पुढे रवाना होतात. रिसीव्हरचे काम असेच आहे. सेट-टॉप बॉक्स, डिस्क वाजवणारे यंत्र, मुलांच्या खेळाचे यंत्र या सर्वांच्या तारा त्याच्यात येतात. त्यांपैकी आपण निवडू त्याचे चित्र तो दूरचित्रवाणीकडे पाठवतो, आणि आवाज उलगडून, वर्धित करून वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देतो. पेटीवर '५.१' असे लिहिलेले असते. त्यातील पाच म्हणजे समोरचे डावा, मधला व उजवा, आणि बाजूचे दोन. दशांश चिन्हापुढील एक म्हणजे केवळ खर्जाचे आवाज काढणारा सबवूफर.

या वाटणीत मधल्या स्पीकरचे महत्त्व फार मोठे आहे, कारण चित्रपटातील बहुतेक संवाद त्याच्यातून येतात. आमच्या घरी नेमका हाच स्पीकर कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यामागे ठेवलेला होता! वय वाढते तसे माणसाला प्रथम उंच पट्टीचे ध्वनी कमी ऐकू येऊ लागतात. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत ओळखू येतात. म्हणून वृद्धांना आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. त्यातून बोलणारा स्पीकर गठ्ठ्याआड असेल, तर त्यांनी समजावे कसे?

आधी बसण्याची जागा, मग तारा

प्रथम घरातील माणसे कोठे बसतात ते पाहावे आणि त्या जागेच्या अनुरोधाने स्पीकर मांडावेत. समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांमध्ये जेवढे अंतर, जवळजवळ तेवढेच त्या प्रत्येकापासून ऐकणाऱ्याचे असावे, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण होतो. मधला स्पीकर पडद्याच्या लगत खाली किंवा वर ठेवून त्याचे तोंड कानाच्या दिशेने वळवावे. बाजूचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या किंचित मागे आणि कानाहून थोडे उंच असावेत. आमच्यासारखा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर ते अगदी बाजूला ठेवले तरी चालते. सबवूफर समोरच्या भिंतीलगत ठेवून पाहावा. कोपऱ्यात तो अधिक घुमतो, आणि भाड्याच्या घरात हा घुमार भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही मिळतो.

तारा जोडण्यापूर्वी रिसीव्हरची वीज केवळ बंद करू नये, प्लगच काढावा. तारेच्या टोकाचे वेष्टन सुमारे एक सेंटिमीटर सोलून आतील तंतू घट्ट पिळावेत. एका टोकाचा एकही तंतू दुसऱ्याला लागू देऊ नये, कारण त्याने रिसीव्हर बिघडू शकतो. लाल खुणेची तार लाल खुंटीला, काळी काळीला, हा नियम दोन्ही टोकांना पाळावा. आमच्याकडे डाव्या स्पीकरची जोडणी उलटी झाली होती. अशा वेळी एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघे एकमेकांचा खर्ज खातात, आणि गाणे रिकाम्या पिंपातून आल्यासारखे वाटते. तारा सुलट केल्यावर तेच गाणे भरून आले.

चित्राची तार, म्हणजे एचडीएमआय, हीही विचाराने लावावी. सर्व यंत्रांच्या तारा रिसीव्हरच्या मागील प्रवेशांत घालाव्यात आणि 'आउट' लिहिलेल्या ठिकाणाहून एकच तार दूरचित्रवाणीला न्यावी. संचातच असलेल्या इंटरनेटच्या कार्यक्रमांचा आवाज याच तारेतून उलट दिशेने रिसीव्हरकडे परत येऊ शकतो. या सोयीला एआरसी म्हणतात आणि ती २००९ सालापासून एचडीएमआयच्या नियमांत आहे. मात्र त्यासाठी तार दूरचित्रवाणीच्या 'एआरसी' लिहिलेल्या छिद्रातच हवी, आणि संचाच्या आवाजाच्या यादीत 'बाहेरील रिसीव्हर' निवडलेला हवा. नानांना चित्र दिसे पण आवाज येत नसे, त्याचे कारण एवढेच की तार शेजारच्या छिद्रात होती.

आणखी एक सूचना गृहिणींची क्षमा मागून करतो. रिसीव्हर चांगलाच तापतो. त्याच्यावर विणलेला रुमाल किंवा फुलदाणी ठेवू नये, आणि बंद कपाटातही तो कोंडू नये.

खोलीचे माप यंत्रालाच घेऊ द्यावे

हल्लीच्या बहुतेक रिसीव्हरांबरोबर एक लहान मायक्रोफोन येतो. तो हातात किंवा उशीवर न धरता, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर तिकाटण्यावर ठेवावा. पंखे बंद करावेत, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्यावी, आणि मग मोजणी सुरू करावी. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून खरखरीचे आवाज काढतो आणि कोणता किती दूर आहे, किती मोठ्याने बोलतो, हे टिपून घेतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एखादा स्पीकर दोन मीटर जवळ असेल तर त्याचा आवाज सुमारे ६ मिलिसेकंद आधी पोचतो. रिसीव्हर त्याला तेवढे थांबवून धरतो आणि सर्वांना एकाच वेळी आणतो.

त्यानंतर दोन गोष्टी हाताने कराव्यात. मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. आणि रात्रीच्या ऐकण्यासाठी असलेली सोय सुरू करावी. तिने स्फोट व मारामारीचे आवाज दबतात आणि कुजबुज वर येते. या दोन बदलांनंतर नानांनी प्रथमच एक संपूर्ण नाटक मधेच काही न विचारता पाहिले. सर्व घराच्या आवाजाची पट्टी मात्र पूर्वीपेक्षा खालीच राहिली. शब्द कळू लागला की मोठ्या आवाजाची गरज उरत नाही.

चार रिमोटांचा एक

आता रिमोटकडे वळू. १९५६ साली अमेरिकेत रॉबर्ट अॅडलर यांनी झेनिथ कंपनीसाठी बनवलेल्या रिमोटला बॅटरीही लागत नसे. कळ दाबली की आत लहान हातोडी अॅल्युमिनियमच्या कांडीवर पडे, आणि मानवी कानाला न ऐकू येणारा तिचा नाद संच ओळखी. आजचे बहुतेक रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची अतिशीघ्र उघडझाप करतात. प्रत्येक कंपनीच्या उघडझापीची भाषा निराळी, म्हणूनच एकाचा रिमोट दुसऱ्याला चालत नाही. युनिव्हर्सल रिमोट हा जणू त्यांच्यातील दुभाषा होय, आणि माझा व्यवसाय भाषांतराचा असल्यामुळे मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली.

त्याला शिकवण्याच्या रीती दोन. पहिलीत पुस्तिकेतील आकडे वापरतात. 'सेट' कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावी, ज्या यंत्राला शिकवायचे त्याची कळ दाबावी, आणि त्या कंपनीपुढे छापलेला आकडा घालावा. एका कंपनीपुढे अनेक आकडे असतात. केवळ चालू-बंद झाले म्हणून समाधान मानू नये, आवाजाची आणि प्रवेश निवडण्याची कळही तपासून पाहावी. बारीकसारीक फरक रिमोटागणिक असतोच, तो पुस्तिकेत पाहावा. दुसरी रीत अनुकरणाची. काही रिमोटांना मूळ रिमोटसमोर काही सेंटिमीटरवर तोंडाला तोंड लावून ठेवले, की ते त्याची एकेक कळ पाठ करतात. हे काम कडक उन्हात करू नये. मूळ रिमोट खरोखर बोलतो आहे की नाही, अशी शंका आल्यास त्याचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरावे. पुष्कळ कॅमेऱ्यांत कळ दाबताच जांभळट ठिपका दिसतो. काही नवे रिमोट मात्र प्रकाशाऐवजी रेडिओलहरींनी बोलतात. त्यांची नक्कल अशी करता येत नाही.

येथे एक खाचखळगा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो. एका कळीत अनेक आज्ञा साठवता येतात: संच चालू, रिसीव्हर चालू, बॉक्स चालू. पण नेहमीची चालू-बंदची कळ एकच असते. चालू असलेल्यावर ती दाबली की ते बंद पडते. संच आधीच सुरू असेल, तर एका कळीच्या दाबाने तो विझे आणि बाकीची यंत्रे जागी होत! म्हणून 'केवळ चालू' आणि 'केवळ बंद' अशा स्वतंत्र आज्ञा मिळतात का ते पाहावे व त्याच साठवाव्यात. दोन आज्ञांमध्ये काही सेकंदांची उसंतही द्यावी. जागा होत असलेला संच घाईची आज्ञा ऐकत नाही. स्वतंत्र आज्ञा नसल्यास सीईसी ही एचडीएमआयमधील सोय संचात व रिसीव्हरमध्ये सुरू करावी, म्हणजे एक जागा झाला की दुसराही जागा होतो. ही सोय कंपन्या निरनिराळ्या नावांनी देतात. सॅमसंगच्या संचात ती 'एनीनेट प्लस', तर एलजीच्या संचात 'सिंपलिंक' या नावाने आढळते.

आवाजाच्या कळा मात्र नेहमी रिसीव्हरलाच बांधून टाकाव्यात, मग समोर कोणतेही यंत्र असो. रिसीव्हरमध्ये आवाजाची वरची मर्यादा ठरवता येत असल्यास तीही ठरवावी. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, हेही विसरू नये. सर्व आकडे एका कागदावर लिहून पुस्तिकेत ठेवावेत. बॅटरी संपली की काही रिमोट शिकलेले सारे विसरतात. जुने रिमोट फेकू नयेत, डब्यात घालून ठेवावेत.

परीक्षा कोणाची घ्यावी?

जोडणी झाल्यावर आपण स्वतः तपासून 'झाले' म्हणणे पुरेसे नाही. तपासणी घरातील सर्वांत कमी सरावाच्या माणसाकडून करवून घ्यावी, आणि ती करताना आपण खोलीबाहेर असावे. नानांच्या पहिल्या परीक्षेत माझाच निकाल वाईट लागला. एक कळ त्यांना अंधारात सापडेना. तेव्हा आईने आपल्या पाकिटातील एक लाल टिकली काढून त्या कळीवर चिकटवली. माहितीपुस्तिकेच्या साठ पानांत हा उपाय कोठे नव्हता.

आता संध्याकाळी सज्जातील खुर्ची रिकामी असते. परवा मी दुसऱ्या खोलीत मुद्रिते तपासत होतो. बातम्या सुरू होत्या. इतक्यात नानांची हाक आली, "अरे, शेजारच्या मुलाची परीक्षा आहे ना? आवाज जरा कमी करतो मी." आणि त्यांनी तो केलाही.