रस्ता नदीचा, मोरी कोणाची?

कऱ्हाडहून चिपळूणला जाणाऱ्या एस.टी.त डाव्या बाजूची खिडकी मिळाली, तर कोयना नदी बराच वेळ सोबत करते. विजयनगर, सुपने, मल्हारपेठ, नवारस्ता अशी गावे मागे पडतात. नदी कधी उसाच्या आड जाते, कधी झाडीतून चमकते, पण रस्ता तिला फार लांब जाऊ देत नाही. पाटण मागे टाकून हेळवाकला आलो की दोघांची ताटातूट होते. नदीची वाट उत्तरेला धरणाकडे वळते आणि रस्ता पश्चिमेला कुंभार्ली घाटाकडे निघतो.

हा रस्ता अनेक वर्षे गुहागर–विजापूर राज्यमार्ग म्हणून ओळखला जाई. आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६-ई झाला आहे. आपल्या भागात मात्र आजही त्याला कोणी ‘चिपळूण रस्ता’ म्हणतो, कोणी ‘पाटण रस्ता’. नाव काहीही असो, शेतकऱ्याच्या दृष्टीने तो नदीकाठचा रस्ता आहे. माझ्या नोकरीचा बराच काळ या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या शिवारांत गेला. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेख.

रस्ता नदीकाठानेच का गेला?

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्रीच्या रांगेला समांतर अशी ती सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे येते आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते. तेथून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळेपर्यंत तिचे पात्र अगदी मंद उताराने जाते. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे ही सखल पट्टी. बैलगाडीच्या काळापासून माणसाने हीच पट्टी धरली. बैलाला चढ नको, गाडीवानाला वळसा नको. नदीने हजारो वर्षे घासून जी वाट सपाट केली, तिच्या कडेने माणूस चालू लागला. म्हणूनच पूर्वेकडून येणाऱ्या माणसाला घाटमाथ्यापर्यंत डोंगर चढल्यासारखे फारसे वाटत नाही. पोटात गोळा येतो तो पलीकडे पोफळीकडे उतरताना.

उत्तरेचा काठ आणखी एका कारणाने सोयीचा आहे. मोरणा आणि वांग या उपनद्या दक्षिणेकडून कोयनेला मिळतात, त्यामुळे उत्तर काठाच्या रस्त्याला त्या आडव्या येत नाहीत. केरा मात्र उत्तरेकडून येते, ती पाटणजवळ ओलांडावी लागते. दक्षिण काठाच्या गावांना या रस्त्यावर यायचे म्हणजे कोयना ओलांडणे आले. तेथे मुळगावसारख्या कमी उंचीच्या पुलावर पाणी चढले की पलीकडची माणसे अडकून पडल्याचे आपण अनेक पावसाळ्यांत पाहिले आहे.

हेळवाकच्या वरचे खोरे मात्र आता शिवसागर जलाशयाखाली आहे. त्या काठची गावे उठली, वाटा बुडाल्या. नदीकाठाने जाणारा आपला रस्ता तेवढा खालच्या खोऱ्यात उरला आहे.

रस्ता म्हणजे आडवा बांध

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या खोऱ्यात जमिनीचे सरळ तीन पट्टे पडतात. सर्वांत वर डोंगराची मुरमाड, वरकस जमीन. तेथे नाचणी, वरी, गवत. मधे पायथ्याची मध्यम जमीन. तेथे भात, भुईमूग, सोयाबीन आणि पाणी असेल तर ऊस. खाली नदीकाठची गाळाची जमीन. तेथे उसाशिवाय दुसरी भाषा नाही. रस्ता बहुतेक ठिकाणी मधल्या आणि खालच्या पट्ट्याच्या सीमेवरून जातो.

डोंगरावर पडलेल्या पावसाला नदीपर्यंत जायचे असते. त्याच्या वाटेत रस्ता आडवा येतो. रस्ता जमिनीपेक्षा थोडा उंच असतो, म्हणजे तो एक लांबच लांब बांधच झाला. त्या बांधाला ठिकठिकाणी जी दारे ठेवलेली असतात, त्यांना आपण मोऱ्या म्हणतो. दारे उघडी असतील तर पाणी निघून जाते. दार बंद झाले की वरचे शेत म्हणजे तळे.

पाऊसही येथे सारखा नाही. कोयनानगरला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर कऱ्हाडला जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ५०-६० किलोमीटरच्या अंतरात सातपटीचा फरक. कऱ्हाडकडे जी मोरी पुरते, ती पाटणच्या पश्चिमेला पुरेलच असे नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात डोंगर खचून माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. पाण्याची वाट अडली की पाणी दुसरी वाट शोधते, आणि ती वाट आपल्याला परवडणारी नसते.

दोन भाऊ आणि एक मोरी

याच खोऱ्यातील एका गावची हकिकत सांगतो. दोन चुलतभाऊ. थोरल्याचे शेत रस्त्याच्या वर, धाकट्याचे रस्त्याच्या खाली नदीकडे. एका पावसाळ्यात थोरल्याच्या दीड एकर आडसाली उसात तीन आठवडे पाणी साचले. ऊस पिवळा पडला, मुळ्या कुजल्या. मला बोलावणे आले. मी गेलो तर दोघे बांधावर उभे, पण एकमेकांकडे पाठ करून.

थोरले म्हणाले, “साहेब, यानं मोरीचं तोंड दगडं लावून बुजवलं. माझा ऊस बुडाला.”

धाकटे म्हणाले, “साहेब, आधी खाली येऊन बघा, मग बोला.”

मी खाली गेलो. मोरीतून सुटणाऱ्या लोंढ्याने त्यांच्या गाळाच्या जमिनीत पुरुषभर खोल ओघळ पाडला होता आणि तो दरवर्षी नदीकडून वर सरकत होता. चांगली पाच-सहा गुंठे माती कोयनेत गेली होती. दगड लावले नसते तर त्या वर्षी आणखी दोन गुंठे गेली असती. दोघांचेही खरे होते.

मग मी मोरीत वाकून पाहिले. आत नदीवरून वर पाणी नेणारे उपशाचे तीन पाइप. रस्ता फोडायची परवानगी काढण्याची कटकट नको, म्हणून सोयीस्करपणे मोरीतूनच ओढलेले. एक पाइप थोरल्यांचा, दोन शेजाऱ्यांचे. त्या पाइपांना उसाचे पाचट आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून मोरी अर्धी आधीच बुजली होती. दगडांनी उरलेली अर्धी बुजवली इतकेच.

आणि आता माझी चूक सांगतो. त्याच शेतात पाच वर्षांपूर्वी मीच रस्त्याकडेने चर काढायला सांगितला होता. पूर्वी तेथे दोन ओघळ होते आणि त्यांना दोन मोऱ्या. माझ्या चराने दोन्ही ओघळांचे पाणी एकाच मोरीकडे वळवले. दुसऱ्या मोरीचा उपयोग उरला नाही म्हणून ती मातीने भरून गेली. मी वरच्या शेतापुरते पाहिले, रस्ता ओलांडून खाली गेलोच नाही. त्या दिवशी दोघांसमोर मी हे कबूल केले. थोरले काही बोलले नाहीत. धाकटे एवढेच म्हणाले, “साहेब, पाणी काय सात-बारा बघून वाहत नाही.”

पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून काम काढले. बुजलेली दुसरी मोरी मोकळी केली, चर मधे तोडून पाणी पूर्वीसारखे दोन वाटांनी विभागले. पाइप रीतसर परवानगी काढून मोरीबाहेरून नेले. खालच्या बाजूला मोरीच्या तोंडाशी दगडांचे टप्पे रचले आणि तेथून नदीपर्यंत बांधाच्या कडेने चारी काढून तिच्या दोन्ही काठांवर वाळा लावला. चारीत धाकट्यांची दीड गुंठा जमीन गेली. तिचा मोबदला म्हणून थोरल्यांनी दगड आणि मजुरीचा निम्म्याहून अधिक खर्च उचलला. भाऊबंदकी संपली असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात वरचा ऊस उभा राहिला आणि खालचा ओघळ वाढायचा थांबला.

पावसाळ्यापूर्वी हे करा

अलीकडच्या वर्षांत या रस्त्याचे रुंदीकरण आणि काँक्रीटीकरण झाले आहे, काही भागांत काम रेंगाळलेही. रस्ता रुंद आणि उंच झाला की बांधही रुंद आणि उंच होतो. अशा कामाच्या वेळी आणि एरवीही रस्त्याकडेच्या शेतकऱ्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) मे महिन्यात आपल्या शेताजवळची मोरी दोन्ही बाजूंनी वाकून पाहा. पलीकडे उजेड दिसला पाहिजे. गाळ, पाचट, पिशव्या काढा. मोरीचे बांधकाम खचले असेल तर त्याला हात लावू नका. ग्रामपंचायतीमार्फत रस्ते खात्याला लेखी कळवा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

२) पाइप मोरीतून नेऊ नका. रस्ता ओलांडायचा तर परवानगी काढून स्वतंत्र नळ टाका. त्रास एकदाच होतो.

३) रुंदीकरणाची आखणी चालू असतानाच जुने ओघळ आणि मोऱ्या कोठे आहेत ते अधिकाऱ्यांना जागेवर दाखवा. काम झाल्यावर ओरड करून उपयोग कमी. डोंगराचे पाणी कोठून येते हे नकाशापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक असते.

४) मोरीखालच्या शेतात पाणी मोकळे सोडू नका. दगडी टप्पे, गवताची चारी, काठावर वाळा किंवा मारवेल. पाण्याचा वेग कमी झाला की ते माती नेत नाही.

५) शेजाऱ्याने नैसर्गिक ओघळ अडवला आणि समजुतीने भागले नाही, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मुदत अडथळा आल्यापासून सहा महिन्यांची आहे. ती हातची घालवू नका. मात्र अर्जापूर्वी एकदा शेजाऱ्याच्या शेतात उतरून त्याची बाजू पाहा.

६) कोयनेचे पाणी केवळ आपल्या गावच्या पावसावर चढत नाही. धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडले की उघडीप असतानाही नदी फुगते. विसर्गाचा इशारा मिळताच काठावरची मोटार वर घ्या, जनावरे नदीकडेला बांधू नका.

७) सोयाबीन, भात रस्त्यावर वाळत घालू नका. वाहनांखाली दाणा फुटतो, आणि रात्री काळ्या ताडपत्रीला चुकवताना दुचाकीवरचा एखाद्या घरचा मुलगा दगावतो.

रस्ता आपल्या दारात आला म्हणून आपला ऊस वेळेत कारखान्यावर जातो, दूध डेअरीवर पोहोचते, मुली पाटण-कऱ्हाडच्या कॉलेजात शिकून संध्याकाळी घरी येतात. तो नकोसा नाही. परंतु ही वाट मूळची पाण्याची आहे. आपण तिच्या कडेने मागाहून चालू लागलो. डोंगरापासून नदीपर्यंत पाण्याला त्याची वाट राहू दिली, तर रस्ताही टिकेल आणि शेतही.

या मे महिन्यात घरातल्या थोरांनी मुलांना बरोबर घेऊन आपल्या मोरीपर्यंत एक फेरी मारावी. वर कोणाचे शेत आहे, खाली कोणाचे आहे आणि पाणी कोठून कोठे जाते, हे मुलांना दाखवावे. उद्या बांधावर त्यांनाच उभे राहायचे आहे. ती पाठ करून उभी राहू नयेत, एवढीच इच्छा.