गॅरेजवाला काम फुकट करून देतो, पण दहाचा पाना उसना का देत नाही?

रस्त्याच्या कडेला एक छोटं गॅरेज. एक जण स्कूटर थांबवतो आणि म्हणतो, "दादा, जरा दहाचा पाना देता का? नंबर प्लेट खडखडतेय. दोन मिनिटांत आणून देतो."

मेकॅनिक आधी ऐकू न आल्यासारखं करतो. मग हात पुसत उठतो, स्वतःच पाना घेऊन येतो, दोन बोल्ट आवळतो आणि म्हणतो, "झालं, जावा." पैसे विचारले तर "राहू द्या" म्हणतो.

हा सीन महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात दिसेल. म्हणजे मेहनत फुकट द्यायची तयारी आहे, पण पन्नास-शंभर रुपयांचा पाना हातातून सोडायची नाही. आहे ना गंमत? पण या हट्टामागे पोटापाण्याचं पक्कं गणित आहे. तेच समजून घेऊ.

सगळ्यात आधी, दहाचाच पाना का हरवतो?

पान्यावर १०, १२, १४ असे आकडे असतात. हा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, तेही मिलिमीटरमध्ये. बोल्टची जाडी वेगळी असते. दहाचा पाना ज्या बोल्टला लागतो त्याची जाडी साधारण ६ मिलिमीटर असते.

हा ६ मिलिमीटरचा बोल्ट गाडीवर सगळीकडे सापडतो. नंबर प्लेट, बॅटरीचं टर्मिनल, इंजिनचं साइड कव्हर, वेगवेगळ्या पट्ट्या आणि क्लॅम्प. त्यामुळे दहाचा पाना दिवसभर हातात असतो. हातात असतो म्हणून कुठेही ठेवला जातो. इंजिनच्या खाचेत, सीटखाली, खिशात, नाहीतर गिऱ्हाइकाच्या डिकीत. 'दहाचा पाना गायब' हा विनोद जगभरातल्या मेकॅनिक लोकांत चालतो, तो यामुळेच.

आता विचार करा. संध्याकाळी सात वाजता गाडी खोलून ठेवलीय, गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि दहाचा पाना नाही. पान्याची किंमत शंभर रुपये असेल, पण तो नसल्यामुळे अडकलेलं काम पाचशे-हजाराचं असतं. मेकॅनिक पाना देत नाही, कारण तो त्याची किंमत दुकानातल्या भावाने मोजत नाही. अडकलेल्या कामाच्या भावाने मोजतो.

हत्यारं नक्की असतात कुणाची?

अमेरिकेत बऱ्याच वर्कशॉपमध्ये मेकॅनिकला स्वतःची हत्यारं स्वतःच्या पैशाने घ्यावी लागतात. तिथे १९२० साली स्नॅप-ऑन नावाची कंपनी सुरू झाली. तिची मूळ कल्पना साधी होती. प्रत्येक मापाला वेगळा पाना कशाला? ५ दांडे आणि १० गोट्या घ्या, अदलाबदल करा, ५० पान्यांचं काम होईल. या कंपनीच्या हत्यारांनी भरलेल्या गाड्या आजही गॅरेजच्या दारात येतात आणि मेकॅनिक आठवड्याच्या हप्त्यावर हत्यारं घेतात.

आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हत्यारं सहसा सेंटरची असतात. रस्त्यावरच्या गॅरेजात ती उस्तादाची असतात. शिकायला आलेला पोरगा पहिले काही महिने "बारा-तेरा दे", "पकड दे", "टी पाना दे" एवढ्यावरच असतो. बघायला ही हमाली वाटते, पण खरी शाळा हीच. नट नुसता बघून 'हा चौदाचा' असं सांगता येऊ लागलं, की पोरगा पुढच्या वर्गात गेला.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तिथे संस्थेच्या हत्यारांवर हात बसतो. पण उस्तादाकडून शिका नाहीतर आयटीआयमधून या, स्वतःचं दुकान टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न एकच येतो. पेटीत काय आहे?

पहिली पेटी भरताना काय घ्यायचं?

नव्या मेकॅनिकची नेहमीची चूक म्हणजे चकचकीत डब्यातला मोठा सेट. एकाच डब्यात शे-दीडशे नग, किंमतही स्वस्त. पण त्यातले निम्मे नग कधीच हातात येत नाहीत आणि जे रोज लागतात तेच आधी झिजतात.

जुने मेकॅनिक उलट्या बाजूने जातात. आधी रोज लागणाऱ्या मापांचे चांगले पाने घ्यायचे. ८, १०, १२, १३, १४, १७. त्यातही फिक्स पाना आणि रिंग पाना यांत फरक आहे. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना सगळीकडून धरतो, त्यामुळे नट घसरून गोल व्हायची भीती कमी. म्हणून घट्ट बसलेला नट आधी रिंग पान्याने सैल करायचा आणि मग फिक्स पान्याने भराभर काढायचा. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला फिक्स असलेला पाना म्हणूनच जास्त खपतो.

पैसे कुठे वाचवायचे? हातोडी, ट्रे, ब्रश, तेलाचं भांडं, फनेल इथे. कुठे वाचवायचे नाहीत? पाने, गोट्या, स्क्रू ड्रायव्हर आणि जॅक इथे.

चांगली हत्यारं मिळतातही जवळच. टपारिया हे गॅरेजात रोज ऐकू येणारं नाव नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतलं. जालंधर आणि लुधियाना ही हातहत्यारांची मोठी केंद्रं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांचा होलसेल बाजार आहे. पुण्यात जुन्या बाजारात सेकंडहँड पाने मिळतात.

सेकंडहँड पाना वाईट नसतो, फक्त पारखून घ्यावा लागतो. खिशात दहाचा आणि चौदाचा नट ठेवायचा आणि पाना बसवून बघायचा. जास्त हलला तर जबडा फाकलाय, सोडून द्या. वेल्डिंगची खूण असेल तर हातही लावू नका. आणि नव्या पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलंय म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण अक्षरं कोणीही कोरू शकतं. खोलगट आणि स्वच्छ छाप, दोन्ही टोकांची सारखी घडण आणि नटावर बसणारी घट्ट पकड, हे तिन्ही बघा.

चुकीच्या हत्याराची किंमत गिऱ्हाईक भरतं

एक उदाहरण घेऊ. आपल्या बाइकच्या बाजारावर जपानी डिझाइनचा मोठा प्रभाव आहे. जपानी गाड्यांवरचे चौफुली खाचेचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखेच असतात, पण खाचेचा आकार थोडा वेगळा असतो. त्यात साधा फिलिप्स ड्रायव्हर घातला की तो नीट तळाला टेकत नाही. जोर लावला की वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. मग छिन्नी, हातोडी आणि अर्धा तास. "स्क्रू खराब होता साहेब" हे वाक्य खूपदा ऐकलं असेल. अनेकदा स्क्रू चांगला असतो, ड्रायव्हर चुकीचा असतो.

दुसरं उदाहरण आवळण्याचं. दहाच्या पान्याने आवळायच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. सोप्या भाषेत, १४ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण ७ किलोचा जोर. धडधाकट माणूस सहज २५-३० किलोचा जोर लावतो, म्हणजे गरजेच्या चौपट. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं. मग आधी काय जाणार? आतले आटे.

आणि पान्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोरात पीळही दुप्पट होतो. आटे गेले की नवे पाडायचे किंवा आत हेलिकॉइल बसवायचं. काम दहा मिनिटांचं, खर्च दिवसभराचा.

यासाठीच टॉर्क रेंच असतो. ठरवलेला पीळ आला की तो 'कट्' असा आवाज करून सांगतो. त्याने नट सैल करायचा नसतो. काम झालं की तो सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचा असतो, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून माप चुकू लागतं.

उसनवारीचे न लिहिलेले नियम

आता परत उसनवारीकडे. गॅरेजवाले गिऱ्हाइकाला पाना देत नसले, तरी एकमेकांना देतात. शेजारी-शेजारी दुकानं असतील तर पुलर, मोठा जॅक, कॉम्प्रेसर या गोष्टी एकाकडे असल्या तरी चालतात. हा व्यवहार कागदावर नसतो, पण नियम पक्के असतात.

पहिला, हत्यार जसं नेलं तसं परत द्यायचं. तेलकट नेलं असेल तरी पुसूनच. दुसरा, मोडलं तर नवं आणायचं, "आधीच क्रॅक होतं" म्हणायचं नाही. तिसरा, नेलेलं हत्यार तिसऱ्या माणसाला द्यायचं नाही. वाद सगळ्यात जास्त इथेच होतात, कारण 'मी त्याला दिलं, त्याने याला दिलं' या साखळीत पाना कायमचा जातो. चौथा, एकच हत्यार तिसऱ्यांदा मागायची वेळ आली, तर ते विकत घ्यायची वेळ आली असं समजायचं.

काही हत्यारं मात्र सख्ख्या भावालाही देत नाहीत. टॉर्क रेंच, व्हर्निअर, फिलर गेज. पाना पडला तर पोचा येतो आणि तो दिसतो. मापाचं हत्यार पडलं तर वरून काहीच दिसत नाही, पण ते खोटं माप दाखवू लागतं. उसनं नेणाऱ्याने सांगितलं नाही, तर पुढच्या गिऱ्हाइकाचं इंजिन बिघडल्यावरच कळतं.

म्हणून हुशार मेकॅनिक पान्यांवर ठरलेल्या रंगाची पट्टी मारतात किंवा पंचाने खूण करतात. काही जण भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवतात. दुकान बंद करताना एक नजर टाकली की कुठली जागा रिकामी आहे ते लगेच दिसतं.

आणि इथे जीव जातो

हत्यार चुकलं तर पैशाचंच नुकसान होतं असं नाही. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील गेलं की गाडी खाली बसते. म्हणून गाडीखाली शिरण्याआधी लोखंडी घोडी लावायचीच. विटा रचून काम चालवणं म्हणजे जिवाशी खेळ, कारण वीट आधी इशारा देत नाही, एकदम फुटते.

हवेच्या किंवा बॅटरीच्या गनवर चकचकीत क्रोमची गोटी लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. ती हाताने फिरवायसाठी असते, गनच्या झटक्यांनी ती फुटून तुकडे उडू शकतात. गनसाठी काळ्या रंगाच्या जाड इम्पॅक्ट गोट्या मिळतात, त्याच वापरायच्या.

आता नुसती पान्यांची पेटी पुरत नाही

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक बाइक-स्कूटरचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. कार्बोरेटर खोलून, पेट्रोलने धुऊन, स्क्रू फिरवून गाडी सुरू करणारा उस्ताद अचानक अडला. गाडीचा बिघाड आता कॉम्प्युटरमध्ये कोड म्हणून साठतो आणि तो वाचायला स्कॅनर लागतो. त्यात कंपनीगणिक कनेक्टर वेगळे. स्कॅनर नसेल तर अंदाजाने सेन्सर बदलायचा, आणि अंदाज चुकला तर खर्च कुणी भरायचा यावरून भांडण.

इलेक्ट्रिक गाड्यांनी आणखी एक खर्च आणला. इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत शेकडो व्होल्ट असतात. तिथे साधा लोखंडी पाना चालत नाही. १००० व्होल्टपर्यंतची खूण असलेली इन्सुलेटेड हत्यारं आणि हातमोजे लागतात, आणि त्याआधी रीतसर प्रशिक्षण.

हा पैसा येणार कुठून? पीएम विश्वकर्मा योजनेत कारागिरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. पण योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हातोडी आणि टूलकिट बनवणारासुद्धा आहे. ती हत्यारं रोज वापरणारा गाड्यांचा मेकॅनिक मात्र नाही. त्याच्यासाठी जवळचा मार्ग म्हणजे मुद्रा कर्ज. त्याच्या 'शिशु' प्रकारात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. एवढ्यात पाने, गोट्या, मल्टिमीटर आणि एखादा साधा स्कॅनर अशी सुरुवात होऊ शकते. पण ते फेडायचं असतं रोजच्या पंक्चर, ऑइल चेंज आणि ब्रेकच्या कामातूनच.

म्हणूनच खंडेनवमीला कुठल्याही गॅरेजात जाऊन बघा. वर्षभर तेलात माखलेले पाने त्या दिवशी रॉकेलने धुऊन, पुसून, मापाप्रमाणे मांडून ठेवलेले दिसतील. वर हळद-कुंकू, झेंडूची फुलं. मांडताना एखादं माप कमी पडलं तर तेही त्याच दिवशी लक्षात येतं.

बहुतेक वेळा ते दहाचं असतं.