ही गाठ तुम्हाला येते का?

बुटाची लेस, राखीचा दोरा, प्रोजेक्टच्या फाइलची नाडी... दिवसभरात आपण किती गाठी मारतो, मोजल्यात कधी? त्यातल्या बऱ्याचशा घरीच शिकलेल्या. पण एक गाठ अशी आहे, जी तुमच्या कॉलेजपासून थोड्याच अंतरावर रोज मारली जाते आणि तुमच्यापैकी बहुतेकांना येत नाही.

सुट्टीच्या दिवशी फोटो काढायला सिद्धेश्वर धरणावर गेला असाल, तर आठवून बघा. काठावर एखादे काका पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून बसलेले असतात. हात चालू, नजर भलतीकडेच, गप्पा सुरू. आपण पाण्याचा फोटो काढतो आणि निघतो. पुढच्या वेळी जरा थांबा. खरी गंमत त्यांच्या बोटांत आहे.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळ्या झालेल्या आपल्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. पूर्णेवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. पैनगंगेवर यवतमाळच्या सीमेला इसापूर. मधून वाहणारी कयाधू. या पाण्यावर भोई समाजातली कितीतरी घरं चालतात. रोहू, कटला, मृगळ, मरळ हे त्यांचं पीक आणि जाळं हे त्यांचं अवजार.

करून बघा, वाचून कळत नाही

थोडी सुतळी घ्या. दोन सेंटीमीटर रुंदीची बांबूची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. विणणाऱ्यांकडे दोरा गुंडाळून ठेवायची चपटी सुई असते. ती नसेल तर पुठ्ठ्याची कापून घ्या. खिळ्याला एक दोरी आडवी बांधा आणि तिच्यावर सुतळीचे ढिले फास ओवून ठेवा. ही झाली पहिली ओळ.

आता सुतळी पट्टीच्या पुढून खाली आणा, पट्टीखालून मागे न्या आणि वरच्या फासात मागून पुढे काढा. फास पट्टीच्या कडेला टेकेपर्यंत ओढा. तिथे डाव्या अंगठ्यानं दाबून धरा. सुतळीचा एक झोल डावीकडे वर टाका, सुई फासाच्या दोन्ही पायांच्या मागून न्या आणि टाकलेल्या झोलातून बाहेर काढा. ओढा. झाली गाठ! दोरा पुन्हा पट्टीवरून फिरवा, पुढची गाठ.

पहिल्या दहा गाठी सरकतील. अंगठा सैल सुटला की गाठ फासावर न बसता खाली घसरते आणि त्या जागी जाळं ताणलं की भोक मोठं होतं. अकराव्या गाठीपासून अंगठ्याला आपोआप कळायला लागतं.

एक मजा सांगतो. मागावर तुटलेला धागा जोडताना विणकर जी गाठ मारतात, तिची रचना आणि या गाठीची रचना एकच आहे. मारायची पद्धत तेवढी वेगळी. पैठणीचा धागा जोडणारा आणि मरळीचं जाळं विणणारा एकमेकांना ओळखत नसतील, पण गाठ एकच मारतात.

ही कला किती जुनी? १९१३ मध्ये त्या वेळच्या फिनलंडमध्ये, आज रशियात असलेल्या अँट्रिया गावाजवळ, एका शेतात खणताना मासे धरायचं जाळं सापडलं. विलो झाडाच्या सालीच्या धाग्याचं. वय साधारण दहा हजार वर्षं!

गणित जाळ्यातलं

आता फेकायचं जाळं बघा. हवेत उघडतं तेव्हा गोल होतं. सुरुवात होते वरच्या टोकाला, मोजक्या घरांपासून. प्रत्येक फेरीत तेवढीच घरं ठेवली, तर जाळं मोज्यासारखं नळकांडं होईल, उघडणारच नाही. म्हणून ठरावीक अंतरावर एका घरात दोन घरं विणून वाढ द्यावी लागते. किती? वर्तुळाचा परीघ म्हणजे २πr. जाळं टोकापासून १० सेंटीमीटर लांब झालं, तर घेर सुमारे ६३ सेंटीमीटरनं वाढायला हवा. वाढ कमी पडली तर जाळं आखडतं, जास्त झाली तर झोल पडतो. ज्या मावशींनी π हे अक्षर कधी पाहिलं नाही, त्यांच्या बोटांना हे गणित पाठ असतं. शेवटी काठाला शिशाचे मणी ओवतात, म्हणजे जाळं झपकन तळाला बसतं.

कुणाला सोडायचं?

आता मुद्द्याची गोष्ट. ती दोन सेंटीमीटरची पट्टी आठवते? जाळ्याच्या घराची बाजू तिच्यावर ठरते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या भाषेत या घराला 'आस' म्हणतात. पट्टी रुंद घेतली की लहान मासा निसटतो, अरुंद घेतली की तोही अडकतो. म्हणजे विणणारा पहिल्या गाठीलाच ठरवतो, कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं.

हे इतकं महत्त्वाचं का? रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत; त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन घडवून दाखवलं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे, तो त्यामुळेच. त्यानंतर बीज तयार करून धरणात सोडणं शक्य झालं. बोटाएवढं झालेलं पिल्लू म्हणजे 'बोटुकली'. या बोटुकल्या धरणात वाढवून मोठे मासे धरायचे, असा सगळा हिशेब. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यानं बोटुकल्याच उपसल्या, तर पुढच्या वर्षी धरायचं काय?

तिकडे मोंटानात

जगाच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातही मासेमारीसाठी विणकाम होतं, पण ते जाळ्याचं नाही, आकड्यावरचं. गळाच्या आकड्यावर दोरा, केस, पिसं बांधून खोटा किडा करतात. त्याला 'फ्लाय' म्हणतात. ट्राउट मासा त्याला खरा किडा समजून तोंडात घेतो. मिसूला शहरातला फ्रान्झ पॉट मूळचा केसांचे टोप विणणारा. १९२० च्या दशकात त्यानं तीच कला आकड्यावर आणली. त्याच्या किड्यांच्या पोटावर नारिंगी रेघ असायची. रंगवलेली नाही, विणलेली.

ते कसं करतात? पेन्सिल आणि दोन रंगांचे दोरे घ्या, एक गडद, एक फिका. दोघांची साधी गाठ पेन्सिलीवरून सरकवा, गडद दोरा वर आणि फिका खाली राहील असा, आणि दोन्ही टोकं आडवी ओढा. पुन्हा गाठ, पुन्हा गडद वर. पाच-सहा गाठींत दिसेल: पाठ गडद, पोट फिकं, बाजूला दोन रंगांची वेणी. पाण्यातल्या बऱ्याच किड्यांचं अंग असंच असतं.

ब्यूट गावच्या जॉर्ज ग्रँट (१९०६–२००८) यांनी हे विणकाम आणखी पुढे नेलं आणि १९७१ मध्ये केस विणण्याच्या पद्धतीवर पुस्तकच लिहिलं. पण लोक त्यांना आणखी एका कारणासाठी मानतात. बिग होल नदी वाचवण्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले. किडा हुबेहूब विणायचा तर खरा किडा आधी पाहावा लागतो, आणि तो पाहायचा तर नदी जिवंत लागते.

मग आपण काय करायचं?

उगाच भावुक व्हायला नको. १९३८ मध्ये नायलॉन जगासमोर आलं आणि जाळ्यांचं जग बदललं. सुती जाळं कुजायचं, रोज वाळवावं लागायचं. नायलॉन कुजत नाही. यंत्रावरचं जाळं स्वस्त आणि झटपट मिळतं. अख्खं जाळं हातानं विणायला कित्येक दिवस लागतात. तेवढा वेळ कुणी काढावा, असा आग्रह धरणं सोपं आहे, पोट भरणं नाही.

पण जाळं फाटतंच. खडकाला लागतं, बुडालेल्या झाडात अडकतं. गाठ येत असेल तर तासाभरात शिवून होतं. येत नसेल तर फाटका तुकडा पाण्यातच टाकला जातो. न कुजणं हा नायलॉनचा गुण तिथे दोष ठरतो: मालक नसलेलं ते जाळं मासे, कासवं, पाणकावळे अडकवत राहतं. हातातली एक गाठ गेली की नदीत कचरा वाढतो, इतका सरळ संबंध आहे हा.

कदाचित तुमच्याच वर्गात कुणी असेल, ज्याच्या घरी भिंतीला जाळं टांगलेलं आहे. "वडील काय करतात?" या प्रश्नावर तो 'धंदा' म्हणून विषय बदलतो. त्याला या रविवारी सांगा, "चल, मला ती गाठ शिकव." सोबत सुतळी न्या. मोबाइल न्यायचा तर त्याच्या आजोबांना विचारून त्यांच्या हातांचा व्हिडिओ करा आणि ते कुठल्या पट्टीला काय म्हणतात, ते शब्द लिहून घ्या.

आणि तो मुलगा तुम्ही स्वतःच असाल, तर? मग या आठवड्यात वर्गातल्या एकाला तरी ती गाठ शिकवा. तुम्हाला येते ती. आम्हाला शिकायचीय.