संस्थांना माणसे शोधून देणारा व्यवसाय

शालान्त परीक्षेनंतर पुढे कोण व्हावयाचे, असे विचारले असता डॉक्टर, इंजिनिअर, वकील ही उत्तरे ठरलेलीच असतात. सेवाभावी संस्थांना योग्य प्रमुख शोधून देणे हाही आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते.

रुग्णालय, अनाथाश्रम अथवा ग्रामविकासाचे मंडळ बहुधा एकाच तळमळीच्या व्यक्तीच्या बळावर उभे राहते. ती व्यक्ती गेली म्हणजे खरा पेच पडतो. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला आणि १९१५ साली ते निवर्तले. गांधीजींनी समाजात यावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु गांधीजींच्या कार्यपद्धतीविषयी सभासदांत मतभेद असल्याने गांधीजींनी आपण होऊन अर्ज मागे घेतला. प्रमुखपद श्रीनिवास शास्त्री यांजकडे आले. ते पूर्वी मद्रासेत एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. (आम्हां शिक्षकांस याचा थोडा अभिमान वाटला, तर तो क्षम्य मानावा!) माणूस थोर असणे आणि तो एखाद्या विशिष्ट संस्थेस मानवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हा भेद ओळखणे हेच या व्यवसायाचे मर्म होय. निवडीचा सल्लागार प्रथम माणूस शोधीतच नाही. तो विश्वस्तांशी, नोकरवर्गाशी आणि संस्थेचा लाभ घेणाऱ्यांशी बोलतो. संस्थेस निधी जमविणारा हवा, की विस्कटलेले हिशेब सावरणारा? विश्वस्त सांगतात एक आणि त्यांस हवे असते दुसरेच, असा प्रकार पुष्कळदा आढळतो. मग शोध सुरू होतो. लायक माणसे बहुधा दुसरीकडे कामात गढलेली असतात. ती जाहिराती वाचीत नाहीत. त्यांस गाठून, गुप्तता राखून विचारावे लागते, पूर्वीच्या सहकाऱ्यांकडे चौकशी करावी लागते. वेतनाची गोष्ट तर पहिल्याच भेटीत उघड करावी. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांना त्या रकमेपैकी २० टक्क्यांहून अधिक भाग प्रशासनावर खर्चिता येत नाही, असा २०२० सालापासून कायदा आहे. त्यामुळे हात आखडताच राहतो.

सर्वांत अवघड प्रसंग निराळाच. एखाद्या विश्वस्ताचा भाचा उमेदवार असतो. सल्लागाराचे शुल्क देणारे विश्वस्तच. तरीही हा मनुष्य योग्य नव्हे, असे त्यांस तोंडावर सांगावे लागते. ते न सांगितल्यास भुर्दंड विश्वस्तांस नव्हे, तर रुग्णालयाच्या दाराशी बसलेल्या रोग्यास पडतो.

या कामास अमुकच पदवी लागते, असे नाही. मुंबईची १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था किंवा १९७९ साली निघालेली आणंदची ग्रामव्यवस्थापन संस्था येथील शिक्षण उपयोगी पडते. कला शाखेच्या पदवीधरानेही मागे राहण्याचे कारण नाही. मात्र प्रथम काही वर्षे एखाद्या संस्थेत राबावे, ताळेबंद वाचावयास शिकावे. घरी कोकणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी व कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्याकडील मुलांस तर येथे एक आयतीच सोय आहे: समोरचा मनुष्य ज्या भाषेत मोकळेपणाने बोलतो, त्या भाषेत त्यास विचारता येते.