जुनी पिकअप आणि तिचे आरसे

धान्याच्या घाऊक व्यापारात एके काळी बैलगाडीला जे स्थान होते, ते आज पिकअपला प्राप्त झाले आहे. बेळगावच्या रविवार पेठेतून तांदूळ, तूर, गहू भरून खानापूर, चंदगड अथवा चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या मालाकडे पाहिले, तर मोठ्या ट्रकांच्या जोडीला ही लहान वाहनेच रात्रंदिवस राबताना दिसतात. आपल्या पुष्कळ सभासदांच्या दुकानापुढे अशी एखादी पिकअप उभी असते, आणि तिचे वय बहुधा दहा-बारा वर्षांच्या पुढे गेलेले असते. इंजिनाची निगा राखली जाते, टायर वेळेवर बदलले जातात, ताडपत्रीही नवी असते. आरशांकडे पाहावे, तर एकाचा पारा कडेने काळवंडलेला आणि दुसरा सुतळीने दांडीला बांधलेला! हा विषय अनेकांस क्षुल्लक वाटेल. तो तसा का नाही, हे सभासद बंधूंपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

मोटारीवर आरसा असावा ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, मागील वाहने पाहण्यासाठी हातात धरावयाचा छोटा आरसा जवळ बाळगावा, असा सल्ला दिला होता. पुढे १९११ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. इतर स्पर्धकांच्या गाडीत चालकाशेजारी एक यंत्रज्ञ बसे आणि मागून कोण येत आहे ते सांगे. रे हॅरून हा गडी मात्र एकटाच गाडी हाकणार होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्याने गाडीवर आरसा बसविला आणि ती शर्यत जिंकली. गंमत अशी की, विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसतच नव्हते, असे त्याने पुढे सांगितले.

आमच्या पिकअपची स्थिती या गोष्टीहून फारशी निराळी नाही. मोठ्या ट्रकावर क्लीनर असतो. तो डाव्या बाजूने मान बाहेर काढून मागचे पाहतो, गाडी मागे घेताना खाली उतरून हाळी देतो. पिकअपवर बहुधा चालक एकटा असतो. आतला आरसा निरुपयोगी, कारण मागे ५०-५० किलोंच्या पोत्यांची थप्पी रचली की त्यात पोत्यांखेरीज काही दिसत नाही. म्हणजे ट्रकावर जे काम क्लीनर करतो, ते येथे दोन बाजूंच्या दोन आरशांनीच करावयाचे असते. आणि हॅरूनच्या अनुभवाप्रमाणे, जो आरसा थरथरतो तो असून नसल्यासारखाच.

आता आरशाच्या काचेविषयी. गाडीचे बाजूचे आरसे सामान्यतः बहिर्गोल असतात. अशा काचेत मागचा विस्तृत भाग दिसतो, मात्र प्रत्येक वस्तू लहान, म्हणून दूर असल्यासारखी भासते. १२०० मिलिमीटर वक्रता-त्रिज्येच्या आरशाचा हिशेब करून पाहिला, तर १० मीटर मागे असलेली मोटारसायकल चालकापासून ६० सेंटिमीटरवरील उजव्या आरशात सपाट आरशाच्या मानाने सुमारे निम्मी दिसते. सुमारे १.४ मीटर दूर असलेल्या डाव्या आरशात तर ती एक-तृतीयांशच दिसते. जणू ती १० नव्हे, ३० मीटर मागे आहे. ती मोटारसायकल आपल्या गाडीपेक्षा ताशी २० किलोमीटर अधिक वेगाने येत असेल, तर चालकाला वाटते की हाताशी पाच सेकंद आहेत. प्रत्यक्षात दोनही नसतात. चालकाने या फरकाची सवय करून घेतलेली असते, आणि ती सवय त्या विशिष्ट गोलाईच्या काचेशी जोडलेली असते. यास्तव काच बदलताना गोलाई बदलू देता कामा नये.

अडचण नेमकी येथेच उद्भवते. काच फुटली की गॅरेजचा मिस्त्री जवळच्या काचवाल्याकडून साध्या आरशाचा तुकडा कापून आणतो व डिंकाने चिकटवून देतो. आमच्या पेढीच्या गाडीसाठी एकदा असाच तुकडा आणला होता. आम्ही नको म्हणताच मिस्त्री म्हणाला, "शेटजी, साध्या काचेत माणूस मोठा दिसतो, डायव्हरलाही हीच आवडते." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, सपाट काचेत प्रतिमा मोठी आणि अंतर खरे दिसते. पण त्याच मापाच्या सपाट काचेत मागचा फार थोडा पट्टा मावतो. मोठ्या दिसणाऱ्या त्या एका माणसाच्या शेजारी उभे असलेले दुसरे दोघे काचेबाहेर राहतात. आम्ही तो तुकडा परत पाठवून त्याच बनावटीची गोल काच मागविली.

आरशाचे मुंडके शाबूत असेल, तर केवळ काच बदलून भागते. दांडी हलत असेल, सांधा झिजला असेल अथवा पारा उडाला असेल, तर दांडीसह पूर्ण आरसा बदलावा. डावा आणि उजवा आरसा एकच नसतो, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट दांडीच्या लांबीची. पुष्कळ गाड्यांचा हौदा केबिनपेक्षा रुंद असतो, आणि काहींनी फळ्या लावून तो आणखी वाढविलेला असतो. आखूड दांडीच्या आरशात मग हौद्याची फळीच दिसते. आरसा फळीच्या बाहेर डोकावेल एवढी दांडी हवी.

जुने बोल्ट गंजलेले असतात. त्यांवर छिन्नी-हातोडा चालवू नये. गंज सोडविणारे तेल घालून अर्धा तास थांबावे आणि योग्य मापाच्या पान्याने हळूहळू सोडवावे. नट दाराच्या आतल्या बाजूस असल्यास तो हाताने धरावा, अन्यथा तो दाराच्या पोकळीत पडतो व पुढे कायम खडखडत राहतो. उघड्या पडलेल्या पत्र्याचा गंज घासून रेड ऑक्साइडचा हात द्यावा. तो वाळल्यावर रबरी पट्टी, स्प्रिंग वॉशर आणि नवे बोल्ट घालून दांडी आवळावी. मात्र आटे मोडतील इतका जोर लावू नये. नंतर इंजिन चालू करून आरशाकडे पाहावे. प्रतिमा थरथरली, तर काम पुरे झालेले नाही.

आरसा जुळविताना चालकाने नेहमीच्या बैठकीत बसावे. काचेच्या आतल्या कडेला गाडीची बाजू जेमतेम दिसावी आणि क्षितिज काचेच्या साधारण मध्यावर यावे. त्यानंतर एकाने खडू घेऊन गाडीच्या कडेने व मागे चालावे. चालकाने "दिसत नाही" म्हणताच तेथे जमिनीवर खूण करावी. दोन्ही बाजूंच्या खुणा जोडल्या की न दिसणाऱ्या जागेचा नकाशाच तयार होतो. या कामी पंधरा मिनिटेही लागत नाहीत. नवे आरसे बसविल्यावरही हौद्याच्या अगदी पाठीमागील जागा त्या नकाशात राहतेच; ती कोणत्याही बाजूच्या आरशात येत नाही. म्हणून गाडी मागे घेताना चालकाला दिसेल अशा जागी एक माणूस उभा असलाच पाहिजे. पेठेतल्या अरुंद गल्लीत त्या न दिसणाऱ्या जागेत बहुतेक वेळा आपलाच हमाल असतो. पाठीवर ५० किलोंचे पोते आणि मान खाली. गाडी येते आहे हे त्याला दिसत नाही आणि चालकाला तो दिसत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही ही हयगय परवडणारी नाही. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि त्या तपासणीत आरशांचीही पाहणी होते. पण दाखल्यापुरता आरसा उसना लावून दुसऱ्या दिवशी काढणारेही आम्ही पाहिले आहेत. एका पोते तांदळाच्या किमतीत दोन्ही आरसे येतात, मग ही काटकसर कशासाठी? चालक हे मागून घेत नाही, कारण खर्च मालकाचा. मालक पाहत नाही, कारण तो चालकाच्या जागी कधी बसत नाही.

खंडेनवमीला आपण सर्वजण गाड्या धुऊन त्यांची पूजा करतो. झेंडूचे हार घालताना ते आरशावरून सोडण्याची एक चाल पडली आहे, आणि ते वाळलेले हार पुढे आठवडाभर काच झाकून लोंबत राहतात. सभासद बंधूंनी यंदा हार गाडीच्या पुढल्या जाळीला बांधावा, आणि पूजेपूर्वी एकदा स्वतः चालकाच्या जागी बसून, खडू हमालाच्या हाती देऊन, मागचे किती दिसते ते पाहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.